गुण दिलेली चित्रे

कलासंग्रहालयात आपण जे पाहतो ते कोणीतरी निवडलेले असते. कलाशाळेच्या संग्रहात जे असते ते बहुतेक वेळा मागे राहिलेले असते. विद्यार्थी निघून जातो, त्याचे बक्षीसपात्र चित्र शाळेत राहते. शिक्षक निवृत्त होतो, त्याने वर्गात करून दाखवलेले प्रात्यक्षिक भिंतीवर राहते. ज्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चित्रे काढली ते प्लास्टरचे डोके, नाक झिजले तरी, कोपऱ्यात उभे असते. अशा संग्रहाकडे आपण संग्रहालयाच्या सवयीने बघतो. उत्तम काय, दुय्यम काय, कोणाचे नाव मोठे, हेच शोधतो. माझे म्हणणे असे की ही सवय कलाशाळेच्या बाबतीत आपली दिशाभूल करते. इथले बहुतेक काम कोणीतरी तपासलेले, गुण दिलेले काम आहे. ते पाहताना ‘हे किती चांगले’ यापेक्षा ‘हे कोणाला आणि का चांगले वाटले’ हा प्रश्न अधिक फळतो.

हे मी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या संदर्भात लिहितो आहे. मराठी चित्रकलेचा इतिहास या शाळेला वगळून सांगता येत नाही हे एक कारण. दुसरे कारण असे की या शाळेविषयी मराठीत आठवणी पुष्कळ आहेत. चित्रकारांची चरित्रे आहेत, शिक्षकांचे किस्से आहेत, २०१३ साली सुहास बहुलकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली आलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड आहे. या सगळ्याचे मोल मोठे आहे. पण चरित्र माणसाचे असते. वस्तूचे चरित्र लिहिण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. एक प्रतिकृती, एक मडके, एक प्लास्टरचा पुतळा कुठून आला, कशासाठी केला, कोणी तपासला, नंतर कुठे गेला, हे विचारू लागलो की शाळेचा नेहमी सांगितला जाणारा इतिहास जागोजागी वेगळा दिसू लागतो.

तो नेहमीचा इतिहास थोडक्यात असा. सर जमशेदजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. जॉर्ज विल्किन्स टेरी पहिले अधीक्षक. १८६५ मध्ये इंग्लंडहून तिघे आले: वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, सजावटी चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स आणि घडीव लोखंडकामासाठी हिगिन्स. १८७८ मध्ये शाळा आजच्या इमारतीत आली. हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. कारागिरांना ‘शास्त्रशुद्ध’ रेखांकन शिकवून हिंदुस्थानी हस्तोद्योग सुधारणे, हा होता. अभ्यासक्रमाचा आदर्श लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. पुढे कारागिरांच्या जागी मध्यमवर्गीय मुले आली, त्यांना चित्रकार व्हायचे होते, आणि सरकारी योजनेतून ‘बॉम्बे स्कूल’ नावाची एक वास्तववादी परंपरा उभी राहिली. तिला बंगालच्या राष्ट्रवादी समीक्षकांनी नकलाकार म्हटले आणि १९४७ नंतरच्या आधुनिकांनी मृत म्हटले.

‘नकलाकार’ हा शब्द धरून संग्रहाकडे वळू. कारण संग्रह खरोखरच नकलेपासून सुरू होतो. ग्रीक आणि रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती युरोपातून आणल्या गेल्या आणि त्यांच्यावरून रेखाटन करणे हा शिक्षणाचा पाया ठरला. विद्यार्थी आधी सपाट नमुन्यावरून, मग प्लास्टरवरून, आणि शेवटी जिवंत माणसावरून काढायचा. या क्रमामागे एक श्रद्धा होती. आदर्श शरीर आधीच सापडलेले आहे, ते अथेन्स-रोममध्ये आहे, आणि आपल्यासमोरचा माणूस त्या आदर्शाशी ताडून पाहायचा आहे. भायखळ्याच्या किंवा गिरगावच्या मुलाने आपल्या शेजाऱ्याचा चेहरा काढण्याआधी अपोलोचा चेहरा पाठ करायचा. यात वसाहतीची अरेरावी आहे हे सांगायला फार बुद्धी लागत नाही, आणि ते पुष्कळांनी सांगितलेही आहे.

पण प्लास्टरची वाहतूक एकाच दिशेने चालली नव्हती. १८६८ मध्ये टेरी शाळेची माणसे घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरावर गेले आणि तिथल्या कोरीवकामाचे साचे व रेखाटने करून आले. एकीकडे युरोपातून अपोलो येत होता, दुसरीकडे अकराव्या शतकातल्या शिलाहारकालीन देवळाचे तुकडे प्लास्टरमध्ये उतरून जगाकडे निघाले होते. ज्या विद्यार्थ्याने साचा घेण्यासाठी अंबरनाथच्या भिंतीला हात लावला, त्याच्या बोटांना त्या कोरीवकामाची खोली कळली असणार. नक्कल ही पाहण्याची एक रीत आहे. ज्याची नक्कल करायची ते निदान पूर्ण बघावे लागते. ‘नकलाकार’ म्हणून हिणवताना आपण हे विसरतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठा. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगात करत राहिले. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अशाच प्रतिकृती केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक १८६६ च्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. म्हणून हे दुसरे काम हाती घेतले गेले. तयार प्रतिकृती साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून त्यांचा मोठा भाग नष्ट झाला. जे वाचले ते आणि रेखाटने यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. मूळ चित्रे दख्खनच्या डोंगरात, प्रतिकृती लंडनमध्ये, पुस्तक जगभरच्या ग्रंथालयांत. ज्या शाळेने तेरा वर्षांच्या काळात हे काम केले तिच्याकडे उरला तो मुख्यतः त्या कामाचा हाताला लागलेला सराव.

या प्रकरणाच्या काळ्या बाजूबद्दलही बोलले पाहिजे. चित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश चढवले गेले, आणि त्याने मूळ भित्तिचित्रांचे नुकसान केले. नक्कल करण्यासाठी मूळ दुखावले गेले. आणि मूळ पुढे आणखी झिजत गेल्यामुळे त्याच नकला आता काही तपशिलांसाठी साक्षीदार झाल्या आहेत. मूळ आणि नक्कल यांचे नाते इतके गुंतागुंतीचे असताना ‘जे.जे.ने केवळ नकला केल्या’ हे वाक्य समीक्षा म्हणून किती तोकडे आहे!

आता नावांकडे पाहू. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आहे. पण लंडनला पोहोचलेल्या कॅनव्हासांच्या नोंदींत पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी नावे भेटतात. पेस्तनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले, म्हणून त्यांची ओळख टिकली. जगन्नाथ अनंत हे नाव मात्र कॅनव्हासाला चिकटलेले राहिले, आपल्या कलेतिहासाला नाही. याउलट १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा अजिंठ्याला गेले. त्या प्रवासाला आपल्या राष्ट्रीय कलेतिहासात तीर्थयात्रेचे स्थान आहे. बंगालच्या तरुणांनी दोन हिवाळे केले ते आत्मशोध. मुंबईच्या तरुणांनी तेरा वर्षे केले ते सरकारी काम. असा निवाडा चित्रांकडे बघून झालेला नाही. तो कोण कोणाच्या पुढाकाराने गेले, आणि नंतर कोणी लिहिले, यावरून झाला आहे. कलकत्त्याकडे लिहिणारे होते. आपल्याकडचे लिहिणारे तेव्हा नाटक आणि कादंबरीवर भांडत होते.

मुंबईच्या त्या श्रमाचे पुढे काय झाले, याचे एक उत्तर मडक्यांत सापडते. टेरी यांनी शाळेत कुंभारकाम सुरू केले. त्यासाठी सिंधमधले कुंभार आणले. या भांड्यांवर चकचकीत झिलईखाली अजिंठ्याच्या आकृती आणि वेलबुट्ट्या उतरू लागल्या. लेण्यातले बोधिसत्त्व युरोपच्या दिवाणखान्यातल्या फुलदाणीवर गेले, याचे हसू येईल. पण या एका फुलदाणीत सिंधचा कुंभार, दख्खनचे लेणे, मुंबईचा विद्यार्थी आणि लंडनचा ग्राहक एकत्र आले आहेत. ‘भारतीय’ कलाशिक्षणाचा इतका नेमका दस्तऐवज मला एखाद्या प्रसिद्ध चित्रात सापडत नाही. तरीही कलासमीक्षेत मडक्याला परिच्छेद मिळत नाही, कारण आपण कलाशाळेचा इतिहास म्हणजे चित्रकारांचा इतिहास धरून बसलो आहोत. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रे आर्ट वर्कशॉप्सचेही तेच. कारागिरीचे ते दालन आज फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही.

संग्रहाचा आणखी एक भाग शाळेच्या कुंपणाबाहेर आहे. शाळेजवळच क्रॉफर्ड मार्केट. तिथली उठावशिल्पे आणि कारंजे यांच्याशी लॉकवुड किपलिंग यांचे नाव जोडलेले आहे. थोड्या अंतरावर बोरीबंदरचे स्थानक. त्याच्या भिंतींवरच्या पानाफुलांत, माकडांत, मोरांत आणि पगडीधारी चेहऱ्यांत शाळेच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. हे कामही पुष्कळदा सरसकट किपलिंग यांच्या नावावर टाकले जाते. किपलिंग १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो स्कूलला गेले; स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पुरे झाले. सजावटीच्या कामावर देखरेख ग्रिफिथ्स यांची होती. प्रसिद्ध मुलाच्या बापाचे नाव लोकांच्या तोंडी सहज येते, एवढेच. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये या परिसरात जन्मला म्हणून आवारातल्या बंगल्याला आपण ‘किपलिंगचा बंगला’ म्हणतो; आजची वास्तू मात्र त्या जन्मानंतरची आहे. शाळेत शिकून, शाळेत शिकवून, शाळेतच म्हातारे झालेल्यांच्या नावाने मात्र लोक तो परिसर ओळखत नाहीत. अशा ठिकाणी एक साधी तारीख समीक्षेचे काम करते. तारीख तपासली की कीर्तीची वाटणी बदलते.

आता एका विद्यार्थी-कामापाशी थांबतो. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्लास्टरमध्ये एक स्त्रीमूर्ती केली. देवळाकडे पूजेला निघालेली, लुगडे नेसलेली तरुणी. ‘मंदिरपथगामिनी’ या नावाने मराठीत ती ओळखली जाते. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची मुक्त प्रशंसा केली. कलकत्त्यात रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत तिच्यावर लेख लिहिला. म्हणजे ज्या बंगालमधून पुढे मुंबईच्या वास्तववादावर टीकेची झोड उठली, तिथल्याच सर्वांत मोठ्या लेखकाने मुंबईच्या एका विद्यार्थ्याच्या प्लास्टरच्या मूर्तीत आपल्या कलेची पहाट पाहिली होती. बहुभाषक वाचकांसाठी ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मराठी मूर्तीवरचा एक उत्तम गद्यलेख बंगालीत आहे, आणि आपल्या भाषा शेजारी असूनही त्या लेखाची मराठीत चर्चा अभावानेच होते.

ही मूर्ती मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. म्हात्रे ज्या वर्गात शिकले तिथे ग्रीक वस्त्रांच्या चुण्या प्लास्टरमध्ये समोर होत्या. ग्रीक वस्त्र अंगावरून ओघळते. त्याच्या चुण्या खांद्यावरून खाली येतात. लुगडे ओघळत नाही. ते आवळले जाते, खोचले जाते. चालणाऱ्या बाईच्या अंगावर ते शरीराशी सतत काहीतरी हिशेब करत असते. प्लास्टरच्या देवतांवरून चुणी शिकलेल्या मुलाला घरातल्या बाईचे वस्त्र घडवायचे होते, आणि तिथे पाठ केलेले उत्तर चालणार नव्हते. त्याला नव्याने बघावे लागले. ‘मंदिरपथगामिनी’चे यश मला या अडचणीत दिसते. ग्रीक चुणी शिकल्यामुळेच लुगड्याची चुणी वेगळी आहे हे त्याला नेमके कळले. नकलेच्या शिक्षणातून जे मिळू शकते त्याची ही परमावधी. आणि तिची मर्यादाही इथेच आहे. त्या तरुणीचा चेहरा शांत, आदर्श, थोडा कोणाचाच नसलेला आहे. वस्त्र मराठी झाले, चेहरा अजून अपोलोच्या बहिणीचाच राहिला.

माध्यम प्लास्टर आहे हेही लक्षात घेण्यासारखे. प्लास्टर हे मधले माध्यम. मातीतून संगमरवराकडे किंवा कांस्याकडे जाताना लागणारे. श्रीमंत ग्राहक असता तर ती दगडात गेली असती आणि प्लास्टर फुटून गेले असते. कलाशाळेत मधल्या अवस्था टिकतात, हा या संग्रहांचा मोठा गुण आहे. संग्रहालय आपल्याला उत्तर दाखवते. कलाशाळा पाटीवर केलेला हिशेबही दाखवू शकते, जर तो पुसला नसेल तर.

शाळेचे सर्वांत सलग मराठी दफ्तर कोणते असे विचारले तर मी एका पुस्तकाचे नाव घेईन: महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून येऊन शाळेत दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले, आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिले. पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी शाळेला ‘कलामंदिर’ म्हणण्यातच त्यांची वृत्ती दिसते. ग्रिफिथ्स यांच्याविषयीचा त्यांचा आदर शिष्याचा आहे. पुढे सेसिल बर्न्स आले, मग ग्लॅडस्टन सॉलोमन आले. प्रमुख बदलत गेले, वरची इंग्रज नावे येत-जात राहिली, आणि धुरंधर वर्ग घेत राहिले. शाळेचे वार्षिक अहवाल इंग्रजीत आहेत आणि ते प्रमुखाच्या नजरेतून आहेत. धुरंधरांचे पुस्तक मराठीत आहे आणि ते वर्गातून आहे. या दोहोंना एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय शाळेचा इतिहास पुरा होत नाही. इंग्रजी अभ्यासकाला मराठी पुस्तक पूरक वाटते, मराठी वाचकाला इंग्रजी अहवाल रुक्ष वाटतात. दोन्ही आळस सारखेच महाग पडले आहेत.

धुरंधरांबाबत आपली समीक्षा एका जुन्या आरोपावर अडून बसली आहे: ते कौशल्यवान होते, दरबारी होते, गोड होते. पण शाळेचा संग्रह आणि त्यांची पुस्तकांसाठी केलेली चित्रे एकत्र पाहावीत. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’साठी त्यांनी मुंबईच्या गल्ल्या चितारल्या, रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी जातिजातींच्या स्त्रिया. परकीय अधिकाऱ्याच्या मजकुराला देशी चित्रकाराचा हात. त्या पानांत वर्गीकरण मजकुराचे आहे, पण पदर सांभाळण्याची, टोपली तोलण्याची, पाठ वळवून उभे राहण्याची माहिती धुरंधरांची आहे. ही माहिती त्यांना प्लास्टरने दिली नव्हती.

कलाशाळांच्या संग्रहांवरून भांडणे झाली आहेत, हेही आठवावे. कलकत्त्याला हॅवेल यांनी कलाशाळेच्या दालनातली युरोपीय चित्रे हटवून त्या जागी मुघल आणि इतर भारतीय चित्रे आणायचे ठरवले, तेव्हा विरोध केला तो विद्यार्थ्यांनी. इंग्रज प्रमुख म्हणतो भारतीय बघा. बंगाली विद्यार्थी म्हणतात आम्हाला युरोपीय शिक्षण हवे. आज हे उलटे वाटते. पण त्या विद्यार्थ्यांची शंका समजण्यासारखी होती: ‘तुमची परंपरा तुम्ही जपा’ या सल्ल्यात ‘आमची विद्या तुम्हाला नको’ हेही दडलेले असू शकते. मुंबईत सॉलोमन १९१९ मध्ये आले. त्यांनी दोन्ही वाटा एकदम उघडल्या. एकीकडे नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास, दुसरीकडे भित्तिचित्रांचा वर्ग आणि भारतीय शैलीचा आग्रह. १९२४ मध्ये वेम्ब्लीच्या प्रदर्शनासाठी शाळेने एक सजवलेले दालन पाठवले. पुढे नव्या दिल्लीच्या सचिवालयात शाळेच्या चित्रकारांनी भित्तिचित्रे केली. पंचवीस वर्षांत सत्ता बदलणार होती आणि ती चित्रे नव्या राज्यकर्त्यांच्या डोक्यावर तशीच राहणार होती.

या लाइफ क्लासमधून शाळांच्या संग्रहांत शेकडो अभ्यास साठत जातात. अशा चित्राकडे बघताना मी आधी मागची बाजू पाहतो. तिथे विद्यार्थ्याचे नाव असते, वर्ग असतो, वर्ष असते, कधी शिक्का, कधी गुण. जे नसते ते समोर बसलेल्या माणसाचे नाव. चित्राला म्हणतात ‘वृद्ध’, ‘कोळीण’, ‘बसलेली स्त्री’. विद्यार्थ्याला गुण मिळाले, परीक्षकाला मानधन मिळाले, मॉडेलला तासाचे पैसे मिळाले आणि नोंद मिळाली नाही. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने २०१८ मध्ये अशा एका बाईला नाव, गाव आणि मुलगा दिला. तो चित्रपट कलाकृती म्हणून कितपत साधला यावर मतभेद असू शकतात. पण दफ्तरात जी जागा कोरी होती तिथे त्याने बोट ठेवले, हे मान्य करावे लागेल. स्त्री-विद्यार्थिनींची नोंदही अशीच उशिरा वाचली गेली. अंबिका धुरंधर यांनी याच शाळेतून पदविका घेतली. त्यांच्या ‘माझी स्मरणचित्रे’ या पुस्तकात बापाच्या दफ्तराला मुलीचे दफ्तर जोडले जाते. अँजेला त्रिंदाद यांचे नाव आजही आधी वडिलांच्या नावामागून येते.

मग स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे बंड. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना शाळेतून काढून टाकले गेले. रझा शिकून बाहेर पडले. बाकरे इथेच मूर्तिकला शिकले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाने जे नाकारले ते याच शाळेने शिकवलेले होते. गायतोंडे १९४८ मध्ये इथून पदविका घेऊन निघाले आणि त्यांच्या परिपक्व चित्रांत आकृती उरली नाही. नाकारण्यासाठी हाताशी काहीतरी असावे लागते. अपोलोचे डोके शंभर वेळा काढलेल्या हातालाच ते न काढण्याचा अर्थ कळतो. पुढे शंकर पळशीकरांसारखा चित्रकार शाळेचा अधिष्ठाता झाला, तेव्हा बंड आणि वर्ग यांतले अंतर बरेच कमी झाले होते. म्हणून आधुनिकांचे विद्यार्थीदशेतले काम, जिथे असेल तिथे, त्यांच्या लिलावात कोट्यवधींना जाणाऱ्या कॅनव्हासांइतकेच वाचनीय आहे. बाजारासाठी नव्हे, आपल्या समजुतीसाठी.

दफ्तरात प्रवेश मिळालेल्यांची नावे असतात. नाकारलेल्यांचे काय? आर. के. लक्ष्मण यांना या शाळेने प्रवेश नाकारला, ही गोष्ट सगळे हसून सांगतात. हसण्यापलीकडे तिचा अर्थ असा की शाळेचे निकष काय मोजत होते आणि काय मोजू शकत नव्हते हे त्या नकारात लिहिलेले आहे. उलट बाजूने, दादासाहेब फाळके इथे काही काळ शिकले आणि सिनेमाकडे गेले. दीनानाथ दलाल इथे शिकले आणि त्यांची चित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून मराठी घरात गेली. ज्या घरात कधी तैलचित्र टांगले गेले नाही, तिथे ‘दीपावली’चा अंक जपून ठेवला गेला. शाळेच्या संग्रहाचा हा सर्वांत विखुरलेला आणि सर्वांत जास्त पाहिला गेलेला भाग.

आणि त्याहून खोल गेलेली एक गोष्ट: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा. तालुक्याच्या शाळेतला मुलगा स्टिल लाइफ, फ्रीहँड, मेमरी ड्रॉइंग हे शब्द शिकतो ते याच परंपरेतून. १९६५ पासून कला संचालनालय आहे, परीक्षा चालू आहेत, आणि दहावीला त्यांचे वाढीव गुणही मिळतात. साउथ केन्सिंग्टनची ती शिडी अशी चंद्रपूर-सिंधुदुर्गपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात चित्र ‘चांगले’ कशाला म्हणतात, याची सर्वसाधारण समजूत समीक्षकांनी घडवलेली नाही. ती या गुणपत्रिकांनी घडवली आहे. ‘हुबेहूब आहे’ ही आपली सर्वांत मोठी दाद अजून टिकून आहे ती त्यामुळेच. जे.जे.चा संग्रह अभ्यासणे म्हणजे आपल्या डोळ्यांच्या सवयीचा अभ्यास करणे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

बडोद्याशी तुलना केली तर एक फरक उठून दिसतो. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेविषयी आज जगभरचा अभ्यासक घरबसल्या पुष्कळ काही पाहू शकतो, कारण ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षक-चित्रकारांची छायाचित्रे, पत्रे, कात्रणे, टिपणे एशिया आर्ट अर्काइव्हने डिजिटल रूपात आणली. बडोद्याचे दफ्तर शिक्षकांच्या कपाटातून आले आहे. त्यात मैत्री आहे, वाद आहेत, मेळे आहेत. मुंबईचे दफ्तर मुख्यतः खात्याचे आहे. त्यात प्रवेश, परीक्षा, पारितोषिके आहेत. पहिले वाचायला सोपे, कारण ते स्वतःविषयी बोलते. दुसऱ्याला बोलते करावे लागते. पण त्यात एक लोकशाही आहे जी पहिल्यात नाही: हजेरीपटात पुढे प्रसिद्ध झालेला आणि न झालेला एकाखाली एक असतात.

नेमके हेच धोक्यात आहे. २०२३ पासून जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अशा बदलाच्या वेळी कुठल्याही संस्थेत जागा लागते, यादी होते, निवड होते. आणि निवड करायची वेळ आली की आपण सगळेच संग्रहालयाच्या सवयीने वागतो. म्हात्रे ठेवू, धुरंधर ठेवू, गायतोंडे असेल तर काचेत ठेवू. मग साठ टक्के गुण मिळालेला, पुढे सांगलीला ड्रॉइंग मास्तर झालेला विद्यार्थी कोण ठेवणार? त्याचे चित्र सामान्य आहे, हे मला मान्य आहे. पण त्याला साठ आणि शेजारच्याला ऐंशी का मिळाले, हे दोन्ही कागद एकत्र असल्याशिवाय कळत नाही. ऐंशीवाला एकटा उरला की तो प्रतिभावंत वाटू लागतो. साठवाल्याच्या शेजारी ठेवला की शाळेची दृष्टी दिसते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. कलाशाळेच्या प्रत्येक कामाच्या नोंदीत शीर्षक, माध्यम, माप यांबरोबर आणखी चार रकाने असावेत: कशावरून केले, कोणत्या वर्गात, कोणी तपासले, समोर कोण बसले होते. पुष्कळ ठिकाणी चौथा रकाना कोरा राहील. तो तसाच कोरा छापावा. त्या कोऱ्या जागेमुळे पुढच्या अभ्यासकाला निदान हे कळेल की इथे कोणीतरी बसलेले होते.